चोपड्याचा काटा आणि जावाची सर्व्हिस: दोन प्लॅटफॉर्म जोडतानाचा अनुभव

जळगाव, धुळे, नंदुरबार भागात एकट्याने किंवा दोघातिघांत मिळून सॉफ्टवेअरचं काम करणारे माझ्यासारखे बरेच जण आहेत. बिलिंग, स्टॉक, वजनकाटा, पतसंस्थेचे हिशोब अशी आपली कामं. बहुतेक सगळं एका कॉम्प्युटरवर किंवा फार तर ऑफिसातल्या चार कॉम्प्युटरवर चालतं. मग कधीतरी आपल्या ग्राहकाला एखादी मोठी कंपनी सांगते, ‘तुमचा डेटा आता थेट आमच्या सर्व्हरला पाठवा.’ आपला प्रोग्राम एका भाषेत असतो, त्यांचा दुसऱ्या. मधे वेब सर्व्हिस, म्हणजे इंटरनेटवरून प्रोग्रामने प्रोग्रामशी बोलायची सोय, असते आणि तिच्यातून काय जातं ते डोळ्यांना दिसत नाही. नोव्हेंबर 2024 ते मार्च 2025 मी याच कामात होते. कुठे अडलं, का अडलं आणि कसं सुटलं ते क्रमाने लिहिते आहे. मी शोधत होते तेव्हा मराठीत याबद्दल काहीच हाती लागलं नव्हतं.

चोपडा तालुक्यात शेतकऱ्यांच्या एका गटाचं केळीचं पॅकहाऊस आहे. बागेतून घड येतात, फण्या सुट्या होतात, धुऊन-वाळवून खोक्यांत भरल्या जातात. काट्यावरचं वजन सिरियल पोर्टमधून माझ्या प्रोग्राममध्ये येतं. प्रोग्राम सी शार्पमध्ये, डॉट नेट फ्रेमवर्क 4.5 वर लिहिलेला आहे आणि बरीच वर्षं बिनतक्रार चालू आहे. माल घेणारी निर्यातदार कंपनी बाहेरची. तिची सर्व्हिस जावामध्ये, सोप पद्धतीची.

11 नोव्हेंबरला कंपनीचा मेल आला. सोबत एक पीडीएफ, डब्ल्यूएसडीएल या सर्व्हिसचं वर्णन असलेल्या फाइलची लिंक आणि भरून पाठवायचे फॉर्म. 1 फेब्रुवारीपासून प्रत्येक लॉटची नोंद सर्व्हिसमधूनच आली पाहिजे, एक्सेल घेणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पॅकहाऊसचा सगळा कारभार नाना बघतात. त्यांचा संध्याकाळी फोन आला. “ताई, हे आपल्याच्यानं होईल ना? नाही तर आतापासून दुसरा व्यापारी बघावा लागंल.” मी हो म्हटलं, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. एवढ्या शेतकऱ्यांचा माल माझ्या कामावर अडणार, हे ओझं कोडपेक्षा मोठं होतं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सोपमध्ये दोन प्रोग्राम एकमेकांना एक्सएमएल, म्हणजे प्रत्येक माहितीला नावाचा टॅग लावलेला मजकूर, पाठवतात. त्या एक्सएमएलमध्ये कोणती फील्ड असावीत, कोणत्या प्रकारची, कोणत्या क्रमाने, हे डब्ल्यूएसडीएल नावाच्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल म्हणजे दोन्ही बाजूंमधला करार. ती दिली की डॉट नेट आपले क्लास आपोआप तयार करून देतं, जावाही तेच करतं. भाषा वेगळ्या असल्या तरी काही अडू नये, हाच या सगळ्यामागचा हेतू. करार एकच असतो हे खरं, पण प्रत्येक प्लॅटफॉर्म तो आपापल्या सवयीने वाचतो. मला आलेल्या जवळजवळ सगळ्या अडचणी त्या सवयींमधून निघाल्या.

पहिले काही आठवडे कोडचा संबंधच आला नाही, सगळा वेळ कागदांत गेला. गोपनीयतेचा करार पाचशेच्या स्टँप पेपरवर करायचा होता, गटाच्या अध्यक्षांची सही, नोटरी, मग स्कॅन, मग मूळ प्रत कुरियरने. त्यानंतर आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला पत्ता. कंपनीचा सर्व्हर फक्त ओळखीच्या आयपीवरून आलेल्या रिक्वेस्ट घेतो, आणि पॅकहाऊसच्या फायबरचा आयपी तर राउटर बंद-चालू केला की बदलायचा. स्टॅटिक म्हणजे न बदलणाऱ्या आयपीसाठी नेटवाल्याकडे अर्ज दिला. गटाचं नोंदणी प्रमाणपत्र, जीएसटी, पॅन, लेटरहेडवर पत्र असं सगळं लागलं. सुरुवातीचे दीड हजार आणि पुढे महिन्याला चारशे, जीएसटी वेगळा. आयपी मिळायला डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडला, आणि तो कंपनीच्या यादीत चढायला आणखी दहाएक दिवस.

इथे एक गोष्ट आधी माहीत असती तर बरं झालं असतं. कंपनीचे दोन सर्व्हर असतात, चाचणीचा वेगळा आणि खरा वेगळा, आणि दोन्हींच्या आयपी याद्याही वेगळ्या असतात. एकाच पत्रात दोन्हींसाठी मागणी करा. वेगळं पत्र दिलं की वेगळी मंजुरी, पुन्हा तेवढीच वाट. आणि हे काम घेताना कोटेशनमध्ये समोरच्या बाजूच्या मंजुऱ्यांचा वेळ वेगळा लिहा. मी तो लिहिला होता, म्हणून डिसेंबरच्या मध्यापर्यंत काहीच हललं नाही तरी नानांना माझ्याबद्दल शंका आली नाही.

19 डिसेंबरला पहिल्यांदा प्रत्यक्ष जोडून बघितलं. जळगावहून सकाळच्या एसटीने निघाले, विदगावच्या पुलावरून तापी ओलांडली, दहाच्या सुमारास पॅकहाऊसला पोचले. ब्राउझरमध्ये लिंक टाकली तर डब्ल्यूएसडीएल झटक्यात उघडली. तीच सर्व्हिस प्रोग्राममधून बोलावली तर कनेक्शन अचानक बंद झालं, पाठवताना अनपेक्षित एरर आली, एवढाच निरोप. आयपी चुकला का, फायरवॉल अडवतंय का, असं सगळं तपासून झालं. कंपनीच्या हेल्पडेस्कने सांगितलं, ‘तुमची रिक्वेस्ट आमच्यापर्यंत आलेलीच नाही.’

त्यांचं म्हणणं खरंच होतं. अडत होतं ते त्याच्याही आधी, सुरक्षित कनेक्शन जुळवतानाच. त्या कनेक्शनच्या पद्धतीला टीएलएस म्हणतात. आजचे सर्व्हर टीएलएस 1.2 किंवा त्यापुढचं मागतात. 1.0 आणि 1.1 या आवृत्त्या मार्च 2021 मध्ये अधिकृतपणे बाद ठरवल्या गेल्या. पण डॉट नेट 4.5 साठी बांधलेला प्रोग्राम आपणहून टीएलएस 1.0 च पुढे करतो. विंडोज 10 असो, वरची डॉट नेट आवृत्ती बसवलेली असो, प्रोग्राम ज्या आवृत्तीसाठी बांधला तिचीच सवय चालू राहते. ब्राउझर स्वतःचं टीएलएस वापरतो, म्हणून तिथे सगळं सुरळीत दिसतं. त्यामुळे ‘ब्राउझरमध्ये उघडतं म्हणजे नेटवर्क ठीक आहे’ यावर कधी थांबू नका. मी प्रोजेक्ट 4.7.2 साठी पुन्हा बांधला. तेव्हापासून विंडोज जे देईल ते टीएलएस प्रोग्राम घेतो. घाई असेल तर कोडमध्ये एका ओळीत 1.2 ठरवून देता येतं, पण मग पुढे 1.3 आलं की ती ओळ आडवी येते.

नंतरच्या दोन अडचणी लवकर सुटल्या. पीडीएफमध्ये सोप 1.2 लिहिलं होतं आणि सर्व्हिस प्रत्यक्षात 1.1 ची होती. दोन्हींत मेसेजच्या बाहेरच्या पाकिटाची ओळख (नेमस्पेस) वेगळी, हेडरमधला मजकुराचा प्रकारही वेगळा. 1.1 ला टेक्स्ट-एक्सएमएल लागतो, 1.2 ला ॲप्लिकेशन-सोप-एक्सएमएल. जावाकडून निरोप आला की 1.1 च्या ठिकाणी 1.2 चा मेसेज चालत नाही. निरोप सरळ होता. पीडीएफ बाजूला ठेवली, डब्ल्यूएसडीएल वाचली, बाइंडिंग (सोपची आवृत्ती ठरवणारं आपल्याकडचं सेटिंग) बदललं. कागद आणि डब्ल्यूएसडीएल यांच्यात फरक निघाला तर डब्ल्यूएसडीएलवर विश्वास ठेवा, कारण ती बहुतेक वेळा चालू सर्व्हिसमधूनच तयार होते. दुसरी अडचण पत्त्याची. डब्ल्यूएसडीएलच्या शेवटी सर्व्हिसचा जो पत्ता असतो तो कंपनीच्या आतल्या नेटवर्कचा होता, बाहेरून तिथे पोचताच येत नाही. त्यांचा सर्व्हर प्रॉक्सीच्या, म्हणजे मधल्या सर्व्हरच्या, मागे असल्यामुळे असं होतं. आपल्या कॉन्फिग फाइलमध्ये बाहेरचा पत्ता लिहिला की काम भागतं.

23 डिसेंबरला पहिला लॉट गेला. उत्तरात ‘सक्सेस’ आणि पावती क्रमांक. नानांनी काट्यावरच्या पोरांना चहा सांगितला.

आणि दोन दिवसांनी कंपनीचा मेल आला: सगळ्या लॉटचं वजन शून्य दिसतंय.

या वजनाबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण डॉट नेट आणि जावा जोडणाऱ्या कोणालाही हे गाठू शकतं आणि बाहेरून त्याचा काहीही पत्ता लागत नाही. लॉट नंबर बरोबर, शेतकऱ्याचा कोड बरोबर, खोक्यांचा प्रकार बरोबर, आणि वजन शून्य. एरर कुठेच नाही. माझ्या प्रोग्राममध्ये पाठवण्याच्या ओळीवर थांबून बघितलं तर ऑब्जेक्टमध्ये वजन नीट भरलेलं. तिकडचा जावा बघणारा मुलगा म्हणे, ‘मॅडम, आमच्याकडे नलच (म्हणजे काहीच नाही) येतंय, आमचा कोड इतर पुरवठादारांबरोबर व्यवस्थित चालतो.’ आठवडाभर आम्ही दोघं एकमेकांना आपापल्या कोडचे स्क्रीनशॉट पाठवत होतो. दोघांचंही खरं होतं, आणि त्याने काम एक पाऊलही पुढे जात नव्हतं. त्या आठवड्यात नाना रोज विचारायचे, “ताई, गयं का वजन?” आणि माझ्याकडे उत्तर नसायचं.

शेवटी मी कोड बघणं थांबवलं आणि तारेवरून जाणारं एक्सएमएल बघायला घेतलं. डॉट नेटच्या डब्ल्यूसीएफमध्ये, म्हणजे सर्व्हिसशी बोलणाऱ्या भागात, मेसेज लॉगिंगची सोय आहे. कॉन्फिगमध्ये ती चालू केली की जाणारा-येणारा प्रत्येक मेसेज फाइलमध्ये उतरतो. फिडलर नावाच्या साधनानेही हेच दिसतं. फाइल उघडली. लॉट नंबरचा टॅग, शेतकरी कोडचा टॅग, खोक्याचा टॅग, आणि त्याच्या खाली थेट तारीख. वजनाचा टॅग रिकामा नव्हता की शून्यही नव्हता. तो टॅगच नव्हता.

मग आपोआप तयार झालेला क्लास ओळ न् ओळ वाचला. त्यात नेटवेट नावाचं फील्ड होतं आणि त्याच्या शेजारी, मी कधी मागितलेलं नव्हतं असं, नेटवेट-स्पेसिफाइड नावाचं हो-नाही फील्ड. ते ‘हो’ केल्याशिवाय डॉट नेट वजन पाठवतच नाही. आपण काही केलं नाही तर ते ‘नाही’च असतं. नेटवेटमध्ये तुम्ही बाराशे किलो भरा नाहीतर बारा किलो, शेजारचं बटण बंद असेल तर टॅग गळतो.

हे कुठून आलं? जावाच्या बाजूला वजनाचं फील्ड बिगडेसिमल या दशांश आकड्याच्या प्रकारचं होतं, आणि ते आवश्यक आहे असं वेगळं लिहिलेलं नव्हतं. अशा वेळी जावाची एक्सएमएल लायब्ररी डब्ल्यूएसडीएलमध्ये लिहिते की हा टॅग कमीत कमी शून्य वेळा, म्हणजे आला तर आला. डॉट नेटमध्ये डेसिमल हा आकड्याचा प्रकार कधीच रिकामा राहू शकत नाही, त्यात निदान शून्य तरी असतंच. मग ‘दिलंच नाही’ आणि ‘शून्य दिलं’ यात फरक कसा करायचा? त्यासाठी ते शेजारचं हो-नाही. लॉट नंबर, शेतकरी कोड ही अक्षरांची फील्ड, ती नल होऊ शकतात, म्हणून त्यांना असं बटण लागत नाही आणि ती बरोबर जात होती. दोन्ही प्लॅटफॉर्म आपापल्या नियमाने अगदी बरोबर वागत होते. वजन मधल्या मधे पडत होतं.

ते एक्सएमएल मी त्या मुलाला पाठवलं आणि एवढंच लिहिलं, ‘हे माझ्याकडून गेलं. तुमच्याकडे पोचलेलं एक्सएमएल जसंच्या तसं पाठवाल का?’ त्याच दिवशी त्याचा फोन आला, आणि त्या फोनपासून आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं. त्याने वजन आणि खोक्यांची संख्या दोन्ही आवश्यक करून नवी डब्ल्यूएसडीएल द्यायचं कबूल केलं. ती येईपर्यंत मी माझ्याकडे लॉट तयार करणारं एकच फंक्शन ठेवलं आणि त्यात ती सगळी बटणं चालू केली. आपोआप तयार झालेल्या फाइलमध्ये हाताने बदल करू नका. रेफरन्स अपडेट केला, म्हणजे डब्ल्यूएसडीएलवरून क्लास पुन्हा तयार केले, की ते सगळे बदल पुसले जातात.

जानेवारीत तारखेने त्रास दिला. 8 जानेवारीला कापलेला माल कंपनीच्या पडद्यावर 7 जानेवारीचा दिसायचा. काट्याची वेळ मात्र बरोबर. केळीत एक दिवस फार असतो. कापल्यापासून माल किती वेळात थंड झाला, कंटेनरमध्ये 13-14 अंशाला कधी गेला, यावर तो परदेशात पोचेपर्यंत हिरवा राहतो की नाही ते ठरतं. एक दिवस जुना दिसणारा लॉट कंपनीने बाजूला काढायला सुरुवात केली होती. त्यात थंडीने आधीच चरका बसलेल्या बागा, शेतकरी चिंतेत.

या वेळी मी थेट एक्सएमएल उघडलं. कापणीची तारीख 8 जानेवारी, वेळ शून्य वाजून शून्य मिनिटं, पुढे अधिक साडेपाच तास. डॉट नेटमध्ये ‘आज’ची तारीख घेतली की तिच्यासोबत मध्यरात्रीची वेळ येते, आणि ती स्थानिक वेळ आहे हे कळावं म्हणून एक्सएमएलमध्ये साडेपाच तासांचा फरक लिहिला जातो. कंपनीचा जावा सर्व्हर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतो, ती आपल्या साडेपाच तास मागे. आपली 8 तारखेची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत 7 तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. त्यातली नुसती तारीख उचलली की 7. काट्याची वेळ दिवसाची असते, अकरा-बारा वाजताची, साडेपाच तास मागे गेलं तरी तारीख बदलत नाही आणि दाखवताना ते परत आपल्या वेळेत आणत होते. म्हणून ती बरोबर दिसायची.

दुपारी बाराची वेळ घालून पाठवा, असा सल्ला मला दोघा-तिघांनी दिला. चाललं असतं. पण पुढे कोणी दुसरा हा प्रोग्राम बघेल तेव्हा ते बारा कुठून आले हे त्याला कधीच कळलं नसतं. ज्या गोष्टीला वेळ नाही तिला वेळेचं फील्ड द्यायचंच कशाला? एक्सएमएलमध्ये नुसत्या तारखेचा वेगळा प्रकार आहे. नवी डब्ल्यूएसडीएल यायचीच होती, तिच्यात कापणीची तारीख त्या प्रकारात बदलून घेतली. बदलाची मंजुरी त्यांच्या आतल्या समितीकडे गेली, फॉर्म भरावा लागला, कारण लिहावं लागलं, परिणाम लिहावा लागला. जानेवारीचा शेवट आला. 1 फेब्रुवारीची मुदत पुढे ढकलावी म्हणून गटाने पत्र दिलं. सोबत मी दोन्ही बाजूंची एक्सएमएल जोडली. महिनाभराची मुदत मिळाली, एक्सेल तेवढ्यापुरतं चालू राहिलं. असं पत्र लिहिताना ‘तांत्रिक अडचण’ असे गोल शब्द वापरू नका. कुठलं फील्ड, काय पाठवलं, काय पोचलं, एवढं लिहिलं की समोरचा माणूस पुढे सही घेऊ शकतो.

मग नावं. शेतकऱ्यांची नावं आम्ही मराठीत ठेवतो, सातबाऱ्यावर जशी तशी. कंपनीच्या छापील पावतीवर नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग यायची. त्यांची पहिली सूचना होती की नावं इंग्रजीत पाठवा. मला ते पटलं नाही. स्पेलिंगचे घोळ पैसे जमा होताना होतात, ते आम्ही पूर्वी भोगलेले आहेत.

चाचणीसाठी मी ‘शांताराम’ हे नाव पाठवलं आणि पावतीवरची प्रश्नचिन्हं मोजली. चोवीस निघाली. या मोजण्याचा फार उपयोग होतो. शांताराम हे नाव कॉम्प्युटरच्या हिशोबात आठ चिन्हांचं आहे: श, काना, अनुस्वार, त, काना, र, काना, म. यूटीएफ-8 या अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत (एन्कोडिंगमध्ये) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे चोवीस बाइट. प्रश्नचिन्हं आठ असती तर अर्थ झाला असता की नाव नीट वाचलं गेलं आणि पुढे लिहिताना, छापताना किंवा साठवताना बिघडलं. चोवीस आली, म्हणजे आत येतानाच कोणीतरी बाइट सुटे सुटे वाचले आणि प्रत्येकाला ‘हे काय ते कळत नाही’ म्हटलं. माझ्याकडून चोवीसच्या चोवीस बाइट पोचत होते, हेही त्यातच सिद्ध झालं.

हे कळवल्यावर त्या मुलाने त्याच दिशेने शोधलं. सर्व्हिसमध्ये मेसेज आला की तो आधी नोंदवून ठेवणारा एक तुकडा होता, आणि पावती त्या नोंदीवरून छापली जायची. तो बाइटवरून अक्षरं करताना कोणतं एन्कोडिंग ते सांगतच नव्हता. जावाची अठरावी आवृत्ती मार्च 2022 मध्ये आली, तेव्हापासून न सांगितल्यास यूटीएफ-8 धरलं जातं. त्याआधीच्या आवृत्त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सेटिंगवर जातात. त्यांच्याकडे जावा 8 होतं आणि सर्व्हरवर भाषेचं कोणतंही सेटिंग नव्हतं, म्हणजे साधं आस्की, ज्यात देवनागरी नाहीच. त्या मुलाच्या स्वतःच्या लॅपटॉपवर मात्र नावं नीट दिसायची, कारण तिथलं सेटिंग वेगळं होतं. एका ठिकाणी एन्कोडिंगचं नाव लिहिलं आणि 14 फेब्रुवारीच्या पावतीवर शांताराम पूर्ण उमटलं. नानांनी त्या पावतीचा फोटो गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकला. मला इतका आनंद वजन पोचलं तेव्हाही झाला नव्हता.

3 मार्चला आम्ही खऱ्या सर्व्हरवर गेलो. दुपारी लॉट पाठवतानाच लाईट गेली. इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर चालू राहिला, राउटर बंद पडला. उत्तर आलं नाही, मिनिटभराने टाइमआउट. डब्ल्यूसीएफची मूळची मर्यादा एक मिनिटच आहे. लाईट आल्यावर काट्यावरच्या पोराने तोच लॉट परत पाठवला, आणि कंपनीकडे तो दोनदा चढला. टाइमआउट म्हणजे उत्तर आलं नाही इतकंच. मेसेज पोचला की नाही हे त्यावरून कळत नाही. कंपनीशी बोलून ठरवलं की लॉट नंबर आधीच आलेला असेल तर त्यांच्या सर्व्हिसने नवी नोंद न करता जुनाच पावती क्रमांक परत द्यावा. माझ्याकडे मी पाठवायच्या लॉटची एक रांग टेबलमध्ये ठेवली. काटा आधी तिथे लिहितो, पाठवणारा प्रोग्राम मागून उचलतो, पावती आली की खूण करतो. फायबर तुटलं की पूर्वी पोरं मोबाइलच्या हॉटस्पॉटवर जायची. आता त्याचा उपयोग नाही, कारण मोबाइलचा आयपी कंपनीच्या यादीत नाही. रांगेमुळे तीही अडचण राहिली नाही, लाईन आली की माल आपोआप जातो.

दिवसअखेरच्या ताळ्याची यादी एक दिवस अर्धवट सोडून एरर देऊ लागली. उत्तराचा आकार 65,536 बाइटच्या पुढे गेला होता. डब्ल्यूसीएफ त्याहून मोठं उत्तर सांगितल्याशिवाय घेत नाही. कॉन्फिगमध्ये मर्यादा वाढवली. देवनागरीत लिहिलेली नावं इंग्रजी अक्षरांच्या तिप्पट बाइट घेतात, त्यामुळे आपल्याकडे ही मर्यादा लवकर गाठली जाते.

खर्चाचं विचाराल तर स्टँप, नोटरी, कुरियर मिळून हजाराच्या आत. स्टॅटिक आयपीचा वर्षाचा खर्च सुरुवातीच्या रकमेसकट सहा हजार तीनशे, अधिक जीएसटी. राउटरसाठी छोटा यूपीएस घेतला, तो दोन हजारांचा. सोपयूआय आणि मेसेज लॉग वाचायचं साधन फुकट आहे. सोपयूआयचा एक फायदा मुद्दाम सांगते. आपला प्रोग्राम मधे न आणता हाताने लिहिलेलं एक्सएमएल पाठवता येतं, त्यामुळे अडचण नेटवर्कची, सर्व्हिसची की आपल्या क्लासची, हे वेगळं करता येतं. पहिल्याच मेलला उत्तर देताना समोरच्याकडून दोन गोष्टी मागून घ्या: एखाद्या पुरवठादाराकडून यशस्वी आलेलं पूर्ण एक्सएमएल, नावं-नंबर झाकून, आणि प्रत्यक्ष कोड बघणाऱ्या माणसाचा फोन नंबर. हेल्पडेस्कची माणसं चांगली होती, पण तिकीट एका टेबलावरून दुसऱ्यावर जाईपर्यंत आठवडा निघतो.

काम झाल्यावर मेसेज लॉगिंग बंद करायला विसरू नका. त्या फायलींत शेतकऱ्यांचे मोबाइल नंबर, गट नंबर सगळं उघडं असतं, आणि हंगामात त्या डिस्क भरून टाकतात. मी आता ते फक्त अडचण आली की चालू करते आणि फाइल तपासून झाली की पुसते. स्टॅटिक आयपीचं नूतनीकरण डिसेंबरमध्ये आहे. ती तारीख नानांच्या टेबलामागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली आहे, आणि नेटवाल्याला पत्र नोव्हेंबरातच द्यायचं ठरलं आहे.